शिधापत्रिकेवरचे नाव

जनगणनेच्या कामात कुटुंबाची व्याख्या ठरलेली आहे. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवतात, ते एक कुटुंब. त्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. वसतिगृहे, आश्रम, तुरुंग, अनाथालये यांची नोंद 'संस्थात्मक कुटुंब' या सदरात होते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी तंजावूर जिल्ह्यात प्रगणकांना शिकविण्याचे काम माझ्याकडे होते. मी ही व्याख्या फळ्यावर लिहून देत असे. प्रगणक विचारीत, "मुलगा शिकायला चेन्नईला आहे, दर महिन्याला घरी येतो, त्याला कुठे धरायचे?" उत्तर सोपे होते: तो जिथे राहतो व जेवतो तिथे. त्या वर्षी आमच्या घरच्या तक्त्यात पाच नावे होती. माझे वडील, आई, पत्नी, मी आणि चार वर्षांची मुलगी. पुढे २०१६ साली आई गेली. आता पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर झालेला आहे. तेव्हा आमच्या तक्त्यात तीन नावे असतील, कारण मुलगी चेन्नईच्या एका वसतिगृहात मोजली जाईल.

शासनाच्या इतर कागदांवर मात्र मूल वेगवेगळ्या दिवशी घराबाहेर पडते. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा सर्वसाधारणपणे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच घेता येते. म्हणजे ज्या उन्हाळ्यात ते बॅग भरून निघते, नेमक्या त्याच सुमारास संगोपनाची गरज संपली असे नियम धरून चालतो. बदलीच्या अर्जात 'पाल्य बारावीत आहे' हे कारण वर्षभर चालते, दुसऱ्या वर्षी ते लिहिता येत नाही. शिधापत्रिकेवरचे नाव मात्र मागणी केल्याशिवाय निघत नाही.

या शेवटच्या मुद्द्याकडे माझे लक्ष वेधले ते एका बाईंनी. तामिळनाडूत ज्या घरात आजवर कोणी पदवीधर झालेले नाही, त्या घरातील पहिल्या मुलाला वा मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात २०१० पासून सवलत मिळते. त्यासाठी लागणारा 'पहिला पदवीधर' दाखला महसूल खाते देते. मे ते ऑगस्ट या काळात कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील प्रत्येक तालुका कचेरीत या दाखल्यांची गर्दी असते. त्याच सुमारास जमाबंदीही चालू असते. वेण्णार नदीच्या काठच्या एका गावातील शेतमजूर बाई तिथे आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलगी एकच. तिचा अभियांत्रिकीला प्रवेश ठरला होता व दाखलाही मिळाला होता. तरीही त्या उभ्याच राहिल्या आणि त्यांनी हळूच विचारले, "साहेब, आता कार्डावरून तिचे नाव काढावे लागेल का?" मी म्हणालो, "नाही, लागणार नाही." त्या निघून गेल्या. त्यांच्या प्रश्नात तांदळाचा हिशेब होता हे उघड आहे, कारण एक नाव कमी झाले की धान्य कमी होण्याची भीती असते. पण केवळ तेवढेच होते असे मला वाटत नाही. दोन माणसांच्या घरातून एक गेले की कार्डावर एकच नाव उरते, आणि रोज पाहायच्या कागदावर ते वाचणे सोपे नसते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आमचीही पाळी आली. त्या वर्षी मेट्टूर धरणाचे दरवाजे ठरल्याप्रमाणे १२ जूनला उघडले होते. आडीपेरुक्कूच्या सणाला कावेरीला भरपूर पाणी होते. पुढच्या आठवड्यात मुलगी रात्रीच्या उळवन एक्सप्रेसने चेन्नईला गेली.

कचेरीत एखादा अधिकारी बदलून जातो तेव्हा तो पदभाराची यादी देऊन जातो. किल्ल्या, रोकड, प्रलंबित प्रकरणे, उधारीवर आणलेली खुर्ची, सारे लिहिलेले असते. घरातून जाणारे मूल अशी यादी देत नाही. त्यामुळे तिच्याकडे कोणकोणते काम होते हे आम्हाला हळूहळू कळत गेले. विजेचे बिल तीच भरत असे. अप्पांच्या गोळ्यांचे आठवड्याचे खण तीच भरत असे. शेजारच्या आजींशी रोज पाच मिनिटे बोलणे हेही तिचेच काम होते, हे त्या आजींनी विचारणा केल्यावर समजले. सर्वात मोठे काम सकाळचे. अप्पांची दृष्टी मंदावली आहे. मुलगी त्यांना रोज साडेसहा वाजता तमिळ वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि वाचता वाचता त्याचे आमच्या तंजावुरी मराठीत भाषांतर करी. अप्पांना तमिळ उत्तम येते. भाषांतराची गरज त्यांना नव्हती. ते दोघे मिळून नातीची मराठी राखीत होते.

रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी बातम्यांचे मथळे वाचून पान उलटले. अप्पा म्हणाले, "अरे, धरणाचा आकडा वाच की. किती फूट, किती आवक, किती विसर्ग." त्रिभुज प्रदेशातील माणसाला बातमी म्हणजे हीच. मी आकडे वाचले. मग ते आकड्यांवर बोलू लागले, आणि पंधरा-वीस दिवसांत माझ्या ध्यानात आले की आम्ही दोघे रोज अर्धा तास बोलतो आहोत. त्यापूर्वीची कित्येक वर्षे आमचा संवाद नातीमार्फत चालत असे. तो चांगला चाले, पण मध्यस्थामार्फत चाले.

इथे थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. माझे आजोबा गावचे कर्णम होते, म्हणजे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजेल अशा शब्दांत, कुलकर्णी. पद वंशपरंपरेने चालत आलेले. अप्पा त्यांच्या हाताखाली अडंगल लिहीत. अडंगल म्हणजे पिकांची व शेतांची नोंद, तुमच्या सात-बाराच्या जवळचा कागद. नोव्हेंबर १९८० मध्ये तामिळनाडू सरकारने ही अंशकालीन ग्राम अधिकाऱ्यांची पदे वटहुकुमाने रद्द केली, आणि परीक्षेने निवडलेले, पूर्णवेळ ग्राम प्रशासन अधिकारी नेमण्याची पद्धत आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो कायदा वैध ठरविला. प्रशासनाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. गावाची दप्तरे एका घराच्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या राहावीत हे लोकशाहीत बसणारे नव्हते. पण त्याचा एक परिणाम कोणत्याही टिपणीत लिहिलेला नसतो. पद वंशपरंपरेचे होते तोवर मुलगा घरी राहण्याचे कारण घरातच होते. ते गेल्यावर आमच्यासारख्या घरांतून मुलगा शिकायला बाहेर जाणे हाच मार्ग उरला. अप्पा एका सहकारी संस्थेत हिशेबनीस झाले आणि १९९३ साली त्यांनी मला तिरुचिरापल्लीला वसतिगृहात ठेवले.

एका सकाळी मी त्यांना विचारले, "मी गेलो तेव्हा तुम्ही दोघांनी काय केले?" त्यांनी कपाटातून त्या वर्षाची हिशेबाची वही काढायला सांगितली. हिशेबनिसाची वही, सदरे आखलेली. तांदळाच्या सदरात जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांचे आकडे पूर्वीइतकेच होते, सप्टेंबरात ते उतरले. अप्पा म्हणाले, "तुझ्या आईचा हात कमी व्हायला तीन महिने लागले." तोवर उरलेला भात रोज कोणाला जाई, हेही त्यांना आठवत होते. ऑक्टोबरात एक नोंद होती: 'चपला, घरात.' म्हणजे आईसाठी. मी विचारल्यावर त्यांनी सांगितले की त्या महिन्यापासून ते दोघे संध्याकाळी वेण्णारच्या पुलापर्यंत चालत जाऊ लागले. लग्नानंतर तेवीस वर्षांत त्यांना दोघांनाच असे कुठे जायला सवड झाली नव्हती. मला हे ठाऊक नव्हते. मी सुटीत घरी येई तेव्हा फिरणे बंद असे, कारण मी आलेला असे.

ती वही वाचल्यावर माझ्या पत्नीने आपला विषय काढला. ती गणिताची शिक्षिका. २०१२ साली माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली आणि मुलगी लहान होती, म्हणून आम्ही दोघांनी विचार करून तिची नोकरी सोडण्याचा निर्णय घेतला होता. आता कुंभकोणमच्या एका शाळेत जागा होती. ती म्हणाली, "मी जाणार आहे. आणि पुढे तुमची बदली झाली, तर या वेळी मी बरोबर येणार नाही. तुम्ही शनिवारी या." तिने हे रागाने म्हटले नाही, माहिती दिल्यासारखे म्हटले. मी दोन दिवस विचार केला. बदली आज ना उद्या होणारच, आणि मुलीच्या बारावीचे कारण आता अर्जात लिहिता येणार नाही. अप्पांना गाव सोडवत नाही. म्हणजे जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे आमच्या चार माणसांची तीन कुटुंबे होतील. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितले की सकाळचा नाश्ता माझ्याकडे राहील. ती सव्वासातला निघते. उपमा बरा जमतो, इडलीबद्दल अप्पांचे मत अजून राखीव आहे.

आमच्या तंजावूरच्या इतिहासातही शिकायला बाहेर गेलेली मुले आहेत. दुसरे सरफोजी राजे १७९३ मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचे असताना, इथल्या कलहापासून दूर मद्रासला नेले गेले आणि तिथे त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी जे रूप दिले ते सर्वश्रुत आहे. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, मद्रासला शिकले, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोद्याचे दिवाण झाले. जे गेले त्यांची चरित्रे आहेत. मागे राहिलेल्या घरांत त्या वर्षी तांदूळ किती शिजला, याची वही कोणी ठेवली नाही. तरी सरफोजी राजांनी एक गोष्ट केली. १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडु येथे त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. तिथे वाटसरूंबरोबर शिकणाऱ्या मुलांच्या जेवणाची व शिक्षणाची सोय होती. घराबाहेर पडलेल्या मुलाला दुसरे एखादे स्वयंपाकघर मिळाले पाहिजे, हा विचार राज्यकर्त्याला तेव्हाच सुचलेला होता.

आज हा प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार तामिळनाडूत उच्च शिक्षणातील नोंदणीचे ढोबळ प्रमाण ४७ टक्के आहे, देशात ते २८.४ टक्के. सरकारी शाळांत शिकलेल्या मुलींना महाविद्यालयात असताना दरमहा १,००० रुपये देणारी 'पुदुमै पेण' योजना सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. हे सर्व स्वागतार्ह आहे आणि या कामात माझा खारीचा वाटा आहे याचे मला समाधान आहे. माझ्या दोनच सूचना आहेत. एक, दाखला देताना त्याच खिडकीवर पालकाला छापील चिठ्ठी द्यावी: वसतिगृहाचा दूरध्वनी, पैसे पाठविण्याची पद्धत, आणि शिधापत्रिकेवरचे नाव काढण्याची गरज नाही हे एक वाक्य. दोन, ज्या घरात एकच पालक उरतो, त्या घरांची यादी ग्राम प्रशासन अधिकाऱ्याकडे असावी. पूर आला किंवा २०१८ च्या नोव्हेंबरात आले तसे 'गज' वादळ आले, तर त्या घरी आधी कोणी तरी जाईल.

कावेरीच्या कालव्यांना मेट्टूरचे पाणी रूढीप्रमाणे १२ जून ते २८ जानेवारी असते. नंतरचे महिने पाट कोरडे राहतात. बाहेरच्या माणसाला ते उदास दिसतात, पण गाळ काढायचा, बांध बांधायचा, दरवाज्यांना तेल द्यायचे ते याच काळात. गावकऱ्यांनी मिळून करावयाच्या या कामाला इथे 'कुडिमरामत्तु' म्हणतात. त्यातली 'मरामत' मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. वाहत्या पाण्यात ती करता येत नाही.

पोंगलला मुलगी चार दिवस येऊन गेली. तिने अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखविले, पण अर्ध्यावर अप्पांनी ते माझ्याकडे देण्यास सांगितले. "आकडे त्याला चांगले येतात," असे म्हणाले. तिला थोडे लागले असावे, पण ती हसली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे तिची आई उद्याच्या तासाची गणिते सोडवीत बसली होती. अजून काही महिने तरी आम्ही तिघे एका चुलीवर जेवणार आहोत. पुढची बदली येईल तेव्हा येईल. शिधापत्रिकेवरची चारही नावे तशीच राहतील.