खांद्यावरची नाव

नावेने माणसाला वाहून न्यायचे असते, एवढेच आम्हांला ठाऊक होते. आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. तेथे मासेमारीची होडी वाळूवर ओढायची म्हटली की कितीतरी माणसे दोराला लागत. एकट्या माणसाने आपली नाव उचलून खांद्यावर घ्यावी आणि रानवाटेने चालू लागावे, हे दृश्य आम्ही प्रथम पाहिले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर आणि तेही दूर देशी.

2018 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका लहानशा धर्मग्रामात दोन महिने सेवा करण्याचा योग आला. अ‍ॅडिरोंडॅक पर्वतांच्या त्या प्रदेशात लहानमोठी सुमारे 3,000 तळी आहेत. त्यांतील सेंट रेजिस परिसर खास कनूसाठी राखलेला असून मोटारबोटींना तेथे मज्जाव आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची उघडी नाव. एक तळे संपले की ती पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि पायवाटेने पुढच्या तळ्याशी न्यायची. या पायवाटेला तिकडे ‘कॅरी’ म्हणतात. डोंगराळ खेड्यांतून पायी हिंडणारे फ्रेंच येशूसंघीय संत जाँ-फ्राँस्वा रेजिस (1597–1640) यांचे नाव मोहॉक लोकांमधील एका मिशनला मिळाले, तेथून नदीला आणि नदीवरून तळ्यांना. पायी चालणाऱ्या संताचे नाव पायी ओलांडायच्या तळ्यांना लाभावे, याची आम्हांला मोठी गंमत वाटली.

धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आमचे स्नेही झाले. वय 71. पत्नीसह ते दरवर्षी ‘सात कॅरीं’च्या प्रसिद्ध वाटेने जात. ती निवर्तल्यापासून तीन वर्षे त्यांनी वल्ह्याला हात लावला नव्हता. “फादर, तुम्ही बरोबर असाल तर पुन्हा जाईन म्हणतो,” असे त्यांनी भीतभीतच सुचवले.

नाव भाड्याने घ्यायची होती. निवड त्यांनी पाहुण्यावर सोपवली आणि पाहुण्याने ती भीतीच्या पोटी केली. आम्हांला पोहणे बेताचेच येते. रुंद आणि जड नाव उलटणार नाही, या हिशेबाने आम्ही दोघांसाठी प्लास्टिकची, सुमारे 34 किलो वजनाची कनू पसंत केली. भाडेही तिचेच कमी होते. शिवाय तिच्यात जागा भरपूर. मग मिस्सेची पेटी, पुस्तके, तांदूळ, पातेले असे सगळेच आत गेले.

पाण्यावर आमची निवड योग्य ठरली. नाव डगमगली नाही. परीक्षा झाली ती जमिनीवर. सामान एका खेपेत जाईना. ज्याला दोन खेपा कराव्या लागतात, त्याला एक किलोमीटरच्या कॅरीसाठी तीन किलोमीटर चालावे लागते: ओझ्यासह जा, रिकामे या, पुन्हा ओझ्यासह जा. तिसऱ्या कॅरीवर ते वाटेतच एका ओंडक्यावर बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, “फादर, ही माझी शेवटची सफर.” आम्ही तेथूनच मागे फिरलो. आमच्या भीतीचे ओझे आम्ही एका वृद्धाच्या खांद्यावर ठेवले होते, हे परतीच्या प्रत्येक पावलाला जाणवत होते.

पुढच्या वर्षी पुन्हा तिकडे जाणे ठरले, तेव्हा आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यात जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा लेखक भेटला. छातीच्या विकाराने खंगलेला, सुमारे 50 किलो वजनाचा हा गृहस्थ 1883 साली, वयाच्या 61 व्या वर्षी, याच तळ्यांतून 266 मैल, म्हणजे सुमारे 428 किलोमीटर हिंडला. त्याची नाव रश्टन नावाच्या कारागिराने बांधलेली होती: लांबी नऊ फूट, वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोही नव्हे! आपल्या अशक्तपणाचे माप घेऊन त्याने नाव बनवून घेतली, म्हणून तो पोहोचला.

2019 मध्ये आम्ही दोघे दुकानात गेलो. केव्हलार या बळकट कृत्रिम धाग्याची दोघांची कनू सुमारे 19 किलोंची होती. त्याच धाग्याच्या एकट्याच्या छोट्या नावा 9 ते 11 किलोंच्या. त्यांत तळाशी बसून दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे मारायचे. त्यांचे दोषही उघड होते. वारा त्यांना ढकलतो, आखूड नाव सरळ रेषेत राहायला कुरकुरते, खडकावर घासली तर दुखावते. म्हणून काठाशी घोटाभर पाण्यात उतरून ती उचलावी लागते. तिला किती भार पेलवेल हे पाहून स्वतःचे वजन आणि सामान त्याच्या बरेच आत ठेवावे लागते.

स्नेही मात्र दोघांच्या नावेपाशीच घुटमळत होते. “मागे कोणी वल्हवत नसले की मला चुकल्यासारखे होते,” ते हळूच म्हणाले. त्यावर आम्ही काय बोलणार? एवढेच म्हटले, “दिवसाच्या शेवटच्या कॅरीवर, थकलेले असताना, जी तुम्हांला एकट्याला उचलेल ती घ्या.” त्यांनी साडेदहा फुटांची नाव एका हाताने उचलली, खांद्याला लावली, दुकानात चार पावले चालले आणि खाली ठेवायचे विसरूनच गेले.

आम्ही स्वतःसाठी बारा फुटांची घेतली. पुस्तके घरी राहिली, पातेले एकच आले, मिस्सेचे साहित्य एका लहान पिशवीत मावले. प्रत्येक कॅरी एका खेपेत झाली. शेवटच्या कॅरीवर ते आमच्या पुढे होते. झाडांमधून उलटी नाव आणि तिच्याखाली दोन पाय तेवढे दिसत होते. पाण्याशी पोहोचल्यावर म्हणाले, “ती असती तर म्हणाली असती, इतक्या वर्षांनी तुम्हांला शहाणपण सुचले!” मग दोन नावा शेजारीशेजारी पाण्यात शिरल्या.

आमच्या जीवनात बदल्या ठरलेल्याच. अलीकडे नव्या धर्मग्रामाकडे निघताना आम्ही प्रत्येक पेटी बंद करण्यापूर्वी स्वतः उचलून पाहतो. उचलली नाही, तर पुन्हा उघडतो.