चिकटा

१९२५ साली अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी कागदी चिकटपट्टी सिद्ध केली, ती मोटारी रंगविणाऱ्या कारागिरांसाठी. पूर्वीच्या पट्ट्या उपटताना ताजा रंगही उखडून येई, ही त्यांची अडचण होती. चिकटविण्यापेक्षा सुखरूप सोडविणे अवघड, हे मोटारीच्या धंद्यास असे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्हांस त्याची प्रचीती जुनी मोटार घेतल्यावर आली. पूर्वीच्या मालकांनी डॅशबोर्डवरील गणपती आपल्यासोबत नेला. दुहेरी पट्टीचा वाळलेला चिकटा तेवढा मागे राहिला.

थिनर चोळा, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटले. परंतु थिनरातील तीव्र द्रावके काय किंवा नखांचा रंग काढणारे ॲसिटोन काय, ती एबीएस प्लास्टिकलाच विरघळवितात आणि पॉलिकार्बोनेटच्या दिव्यांना बारीक तडे पाडून अंधुक करतात. डाग निघेल खरा, पण अंगासकट!

म्हणून आम्ही धिम्या मार्गाने गेलो. केस वाळविण्याच्या यंत्राची सौम्य ऊब दिली व मऊ झालेला चिकटा बोटाने लोळवून काढला. उरलेल्यावर खोबरेल तेल लावून घटकाभर थांबलो, प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडले आणि साबणाच्या पाण्याने पुसले. लोखंडी पात्यास हातही लावला नाही.

चिकटा गेला, मात्र त्याखालचा, ऊन न लागलेला मूळ काळा रंग चौकोनी उठून दिसू लागला. त्यावर कोणतेही तेल चालत नाही. न चालो! कोणाची तरी श्रद्धा तेथे वर्षानुवर्षे बसली होती. तिची एवढी खूण राहू द्यावी, असे आम्हांस वाटते.