सोळाशेच्या आसपास

शरद ऋतूत फुटबॉलच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात बीव्हर स्टेडियमवर लाखाहून जास्त माणसं एकदम ओरडतात. त्याच गावातल्या बुद्धिबळाच्या स्पर्धेला प्रेक्षक म्हणून बहुधा मी एकटाच. पट, मोहरी, घड्याळ, सगळं खेळाडूंनीच घरून आणायचं.

पांढरी मोहरी गावातल्या एका आजोबांकडे, काळी पीएच.डी.साठी इथल्या पेन स्टेट विद्यापीठात आलेल्या सांगलीच्या मुलाकडे. पोरगा सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचा, म्हणजे पटाचं वेड घेऊनच आलेला. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० साली अर्पाड एलोंची मानांकन पद्धत स्वीकारली. तिच्या मोजपट्टीवर २२०० ला मास्टर. हे दोघे सोळाशेच्या आसपास. मला असेच डाव आवडतात. इथं खेळाडूला माहीत सगळं असतं, फक्त ते आठवतं चाल झाल्यावर.

चार तास होत आले. आजोबांकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. मुलाकडे राजा आणि हत्ती. यावर फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरनं १७७७ मध्येच तोडगा सांगून ठेवलाय. हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत आडवा धरायचा. प्यादं त्या ओळीत आलं की तोच हत्ती थेट पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत.

घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली की चाली लिहायची सक्ती नसते. मुलानं पेन केव्हाच ठेवलं होतं. आजोबा मात्र लिहीतच होते. प्रत्येक चालीआधी घड्याळ पाच सेकंद थांबतं. ती सवड ते अक्षर नीट काढण्यात घालवत होते! मुलाचा हात हत्तीवर घिरट्या घालू लागला. एकदा बोट टेकलं की मोहरं हलवावंच लागतं. टेकलं. हत्ती वेळेआधीच पलीकडे गेला.

आता आजोबांनी राजा पुढे घुसवला असता तर पोराची तारांबळ उडाली असती. पण त्यांनी घाईनं प्यादं ढकललं आणि न मागता फिलिडोर परत आणून दिला. शह, शह, पुन्हा शह. हात मिळवले. अर्धा-अर्धा गुण.

"काका, हत्ती आधी हलवायचा नव्हता हो," मुलगा मला मराठीत म्हणाला. आजोबांना भाषा कळली नाही, तक्रार बरोबर कळली. त्यांनी प्यादं मागे घेतलं, राजा पुढे ठेवला आणि भुवया उडवल्या. पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या, तरी दोघं ती चाल परत परत खेळून पाहत होते.