मुलाम्याखालचे काम

आमच्या घरी 1968 सालची फियाट 1100 डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आप्पांनी हळदीच्या व्यापारात जम बसल्यावर घेतली. डावीकडच्या दरवाजाने आत बसायचे, ती आईची ठरलेली जागा. आई गेली आणि गाडी गोदामात धूळ खात पडली. आप्पांच्या 80 व्या वाढदिवसापूर्वी तिला पूर्वीची झळाळी आणावी, असे मी मनाशी ठरवले.

बंपर आणि दरवाजांच्या मुठींना क्रोमचा मुलामा द्यायचा होता. तीन ठिकाणी चौकशी केली आणि व्यापाऱ्याच्या सवयीने सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम दिले. आठवड्यात माल घरी आला. बंपर आरशासारखा लखलखत होता. मात्र आईच्या दरवाजाची मूठ खड्डे पडून विद्रूप झाली होती. एक पावसाळा सरला आणि बंपरवरही तांबूस ठिपके उमटले.

अखेर बंपर घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी तो निरखून पाहिला व म्हणाले, "खाली निकेल नावापुरतेच आहे."

मग त्यांनी सारे समजावून सांगितले. झळाळी क्रोमची वाटते, पण तो थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. लोखंडाचे पाण्यापासून रक्षण करते ते खालचे निकेल. ते 25-30 मायक्रॉन तरी हवे. क्रोम टाकीत काही मिनिटांत चढते. दिवस मोडतात ते जुना थर उतरवण्यात, गंज घासण्यात, तांबे चढवून खळगे भरण्यात आणि पुन्हा पुन्हा पॉलिश करण्यात. खाली राहिलेला ओरखडा क्रोम झाकत नाही, उलट उठून दाखवते. मूठ तर जस्ताच्या मिश्रधातूची होती. लोखंडाप्रमाणे तिलाही आम्लात बुडवले, म्हणून ती खाल्ली गेली.

निघताना त्यांनी सांडपाण्याची टाकी दाखवली. क्रोमिक आम्लाचे ते पिवळे पाणी कर्करोगाला कारण ठरणारे. सोडियम मेटाबायसल्फाइट घातल्यावर ते हिरवट झाले. पुढे चुना घालून गाळ तळाशी बसवायचा होता. पहिल्या ठिकाणी हे पाणी कुठे जाते, हे मी विचारलेच नव्हते. त्या कमी भावात कदाचित तेही धरलेले असावे.

भाव तिप्पट होता. मी घासाघीस केली नाही.

बंपर बसवला त्या दिवशी आप्पांनी त्यावरून हात फिरवला आणि दोन्ही बिले मागवली. बेरीज करून म्हणाले, "पोत्याच्या तोंडाशी हात घालून हळद घेतलीस. तळाशी हात घालायला मीच शिकवले होते ना तुला?"

मूठ दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवली. ती उत्तम चमकते. आईचा हात लागलेली मूठ आप्पांनी गल्ल्याच्या खणात ठेवली आहे. नवा माल घेताना भावावर अडून बसलो, की ते तो खण उघडा ठेवतात.