ओतणाऱ्यांचे हात

धातू ओतणाऱ्या माणसाला लोकांनी त्याच्या कामाच्या क्रियापदानेच हाक मारली. मराठीत तो ओतारी. बैतूल जिल्ह्यात तो भरेवा, म्हणजे साच्यात रस भरणारा. बस्तरात घडवा. काम एकच, पण प्रत्येक बोलीने त्यातली आपल्याला भावलेली घटका उचलली.

यांपैकी दोघांची गाठ भोपाळात पडते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि बैतूल व बस्तर ही दोन्ही टोके नागपूरऐवजी भोपाळकडे पाहू लागली. बैतूलच्या मुलताई, भैसदेही भागांत आजही मराठी कानावर पडते. 2000 साली बस्तर छत्तीसगडात गेले, पण तोवर भोपाळला पोचलेल्या मूर्ती तिथेच राहिल्या. मोठ्या तलावाच्या काठी 1982 मध्ये भारत भवन हे कलाकेंद्र उघडले. त्याच्या ‘रूपंकर’ विभागात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी खेड्यापाड्यांतले ओतकाम शहरी चित्रकारांच्या चित्रांच्या बरोबरीने मांडले. त्या संग्रहावरच्या ग्रंथाला त्यांनी इंग्रजीत नाव दिले ‘द पर्सीव्हिंग फिंगर्स’, म्हणजे जाणती बोटे. ओतकामाचे याहून नेमके वर्णन शोधून सापडणार नाही, कारण या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण डोळ्यांना दिसतच नाही.

सुरुवात मातीपासून होते. शेण, भाताचा तूस आणि माती मळून आधी गाभा करतात. घोडा करायचा तर मातीचा घोडा, घुंगरू करायचे तर मातीची गोळी. तो सावलीत वाळतो. उन्हात घाई केली तर तडकतो, आणि तडा नंतर कितीही लिंपला तरी पितळ त्याचा पत्ता काढतेच. वाळलेला गाभा हिरव्या पाल्याने घासून गुळगुळीत करतात. मग मेण. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून ते चाळणीसारख्या भोकांतून दाबले की शेवयांसारखे धागे निघतात. हे धागे गाभ्यावर एकाला एक चिकटवून गुंडाळायचे. घोड्याची आयाळ, स्वाराचा फेटा, देवाचे डोळे, सगळे या धाग्यांतून उठते. बैतूलच्या घोड्यावरच्या ठाकूर देवाच्या अंगावर ज्या बारीक रेषा दिसतात, त्या कोरलेल्या नसतात. त्या मेणाच्या शेवया असतात, पितळ झालेल्या.

धागा किती बारीक, किती सलग, सांधा कुठे लपवला, यावरून हात ओळखू येतो. मूर्तीवर सही नसते. ती असण्याची गरज जुन्या कारागिराला वाटलीही नसावी.

मेणावर मातीचा पहिला थर अगदी तलम लागतो. गाळलेली माती शेणाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने लावायची, म्हणजे मेणाची प्रत्येक रेघ मातीला समजते. वरचे थर जाड, तुसाचे, वारुळाच्या मातीचे. इथून पुढे मूर्ती अंधारात जाते. भट्टीत मेण वितळते, झिरपते, जळते, आणि गाभा व कवच यांच्यामध्ये मेणाच्या आकाराची पोकळी उरते. पितळ त्याच वाटेने आत जाते. काही ठिकाणी रस मुशीतून ओततात. काही ठिकाणी धातूचे तुकडे साच्याच्या तोंडाशीच मातीत बंद करतात आणि सगळा गोळा तापला की उलटा करतात. रस तयार झाला हे सांगायला उपकरण नसते. ज्वाळेला हिरवट झाक आली की जाणता माणूस सांडशी उचलतो. क्षणभर लवकर झाले तर रस वाटेतच थिजतो आणि घोड्याला तीनच पाय येतात.

किती धातू लागेल याचा हिशेबही मेणावरूनच निघतो. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त ही रीत सांगितली आहे: चांदी मेणाच्या बारापट, सोने सोळापट घ्यावे. पितळ मेणापेक्षा सुमारे नऊपट जड असते, हे आजचे शास्त्र सांगते. कारागीर मेण तोलून तेवढाच अंदाज बांधतो आणि वर थोडे जास्त घेतो. हे थोडे जास्त म्हणजे किती, ते कोणत्याही पोथीत नाही.

रीत फार जुनी आहे. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तिका याच मार्गाने आली. महाराष्ट्रात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 मध्ये सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हेही मेण घालवूनच ओतलेले, पण आतून भरीव. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भरेव्याचा मातीचा गाभा धातूची हीच बचत करतो: पितळ कातडीपुरते, बाकी माती. आणि जुनेपणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. टर्बाइनची पाती ओतणारे आधुनिक कारखाने आजही मेणच वितळवतात, फक्त शेणाच्या जागी सिरॅमिकचा लेप असतो.

कोल्हापूरच्या फौंड्रीत साचा वाळूचा असतो आणि पॅटर्न पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून एकसारखे हजार नग निघतात. तरी तिथला मुरलेला मोल्डरही वाळू मुठीत दाबून, मोडून पाहिल्याशिवाय पेटी भरत नाही. प्रयोगशाळेचा कागद नंतर येतो. अभिमानाची जात दोन्हीकडे तीच, फरक जोखमीचा. भरेव्याला दुसरी संधी नाही. मेण गेले, साचा फोडला. त्या आकाराचे जगात एकच.

फोडणे हा शेवटचा आणि सगळ्यात शांत भाग. गोळा निवू देतात, मग हलके ठोके. काळवंडलेले, खरबरीत पितळ बाहेर येते, आणि कारागीर पहिल्यांदा बघतो तो चेहरा नव्हे, तर टोके: शेपटी, बोट, शिंगाचे अग्र. रस तिथवर पोचला असेल तर बाकीचे आपोआप आले. कानस आणि ब्रश नंतरचे काम. न साधलेला तुकडा पुन्हा मुशीत जातो. धातू वाया जात नाही, दिवस जातात.

कोंडागावच्या जयदेव बघेल यांच्यासारख्या घडव्यांची नावे देशभर पोचली. पण पिढ्यान्‌पिढ्या गावासाठी पैंजण, घुंगरे, दिवे आणि लग्नाचे दागिने ओतणाऱ्यांची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत. भोपाळच्या संग्रहालयांत जाणाऱ्याने मूर्तीच्या चेहऱ्यासमोर थोडे कमी थांबावे आणि जमल्यास तिच्या तळाशी वाकून पाहावे. पितळ जिथून आत शिरले, ती घासून सपाट केलेली जागा तिथे असते.