ही ओळ काढली तर काय मोडेल?

२००६ साली डेबियन या लिनक्स वितरणाचा एक मेंटेनर एका किरकिऱ्या इशाऱ्यामागे लागला होता. व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या कोडवर सारखं बोट ठेवत होतं: इथे काहीच न भरलेली मेमरी वाचली जातेय. माग काढत तो दोन ओळींपाशी पोचला. रँडम आकडे तयार करणाऱ्या फाइलमध्ये ‘एमडी_अपडेट’ बोलावणारी ओळ दोन ठिकाणी होती, अक्षर न अक्षर सारखी. एकीशेजारी ‘प्युरिफाय तक्रार करतं’ एवढीच कॉमेंट (प्युरिफाय हेही तपासणीचंच साधन); दुसरीशेजारी तीही नाही. त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंही. कुणी अडवलं नाही आणि दोन्ही ओळी गेल्या.

सारख्या दिसणाऱ्या त्या ओळींची कामं मात्र वेगळी होती. पहिली ओळ, बफरमध्ये आधीपासून जे काही पडलेलं असेल ते मिश्रणात टाकायची; ती गेल्याने काही बिघडत नव्हतं. बाहेरून गोळा केलेला खरा रँडमपणा आत यायचा तो दुसऱ्या ओळीतून. ती गेल्यावर भर म्हणून उरला जेमतेम प्रोसेसचा क्रमांक, आणि लिनक्सवर तो सहसा ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे एका जातीच्या संगणकावर एका मापाच्या गुप्त किल्ल्या या आकड्यांतून निघणार त्या फार तर तेवढ्याच. साधा प्रोग्राम त्या सगळ्या आधीच बनवून ठेवू शकतो.

पावणेदोन वर्षं हे तसंच चाललं. लुसियानो बेल्लो याच्या ते लक्षात आलं आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर सूचना काढली. डेबियन आणि तिच्यावर उभी असलेली उबुंटू चालवणाऱ्या ॲडमिन लोकांना एसएसएचच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

या सगळ्या काळात कोड जगासमोर उघडा होता. वाचता येईल असा नव्हता, इतकंच.

कंपनीत कोड लिहिणारा बहुधा शेजारच्या टेबलावर सापडतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो दुसऱ्या खंडात असतो, नाहीतर प्रकल्प सोडून त्याला दहा वर्षं झालेली असतात. ओळ तशी का लिहिली याचं कारण त्याच्या डोक्यातच राहिलं तर ते गेलंच म्हणायचं. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीने सोर्स कोडची व्याख्याच मुळी ‘बदल करायला पसंतीचं रूप’ अशी केली आहे. मुद्दाम गिचमिड करून दिलेला कोड त्यामुळे सोर्स कोड ठरत नाही. आळसाने गिचमिड राहिलेला कोड कायद्यात बसतो खरा, पण तो हातात घेणाऱ्याचे हाल तेच.

लिबरऑफिसवाल्यांनी हे निस्तरलं आहे. त्यांच्या कोडचं मूळ जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीत; साहजिकच कॉमेंट जर्मनमध्ये. २०१० मध्ये लिबरऑफिस स्वतंत्र प्रकल्प म्हणून सुरू झालं तेव्हा जगभरचे नवे प्रोग्रामर त्या ओळींपाशी अडू लागले. मग जर्मन कॉमेंट हुडकणारी एक स्क्रिप्टच लिहिली गेली आणि स्वयंसेवकांनी त्या एकेक करून इंग्रजीत आणल्या. प्रोग्राममध्ये त्याने एकही नवी सोय आली नाही, पण कोडमध्ये शिरायची वाट मोकळी झाली.

याचा अर्थ ओळीओळीला कॉमेंट डकवायची असा नाही. लिनक्स कर्नलची लेखनशैली ठरवणारा दस्तऐवज कॉमेंटच्या अतिरेकापासून सावध करतो. कोड काय करतो ते सांगा, म्हणतो. कसं करतो हे समजावावं लागत असेल तर कोडच नीट लिहा. चालू वापरकर्ते मोजणाऱ्या फंक्शनला ‘काउंट_ॲक्टिव्ह_यूजर्स’ म्हणा, ‘सीएनटीयूएसआर’ नको, असं तो नाव घेऊन बजावतो. लूपमधल्या साध्या मोजणीला मात्र ‘आय’ पुरतो. नाव नेमकं असेल तर निम्म्या कॉमेंट लागतच नाहीत. उरतात त्या कारणं सांगणाऱ्या: हा विचित्र क्रम का, ही तपासणी दोनदा का, इशारा आला तरी ही ओळ का ठेवायची.

तेव्हा पुढचा पॅच पाठवण्याआधी आपलाच बदल परक्याच्या नजरेने एकदा वाचा. जिथे स्वतःलाही अडखळायला झालं, तिथे ही ओळ काढली तर काय मोडेल ते एका वाक्यात लिहा, आणि मगच पाठवा.