आईचा सिनेमा

‘तुमचे आवडते चित्रपट कोणते?’ असे कोणी विचारले, की मी १९७५ सालाला हात घालतो. ‘शोले’, ‘दीवार’ आणि आपल्या मराठीतला तेंडुलकरांचा ‘सामना’! निळूभाऊ आणि डॉक्टर लागू समोरासमोर. आणखी काय हवे?

चौथे नाव मात्र मी वर्षानुवर्षे गिळले. गोंदियाचा वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. तेव्हा आम्ही भंडाऱ्याचेच. धान घरात आले आणि आई ‘जय संतोषी माँ’ पाहायला गावाहून गोंदियाला आली. तुटपुंज्या पैशांत काढलेला तो सिनेमा त्या साली ‘शोले’च्या जोडीने गाजत होता. थेटरच्या दारात आईने चपला काढल्या. अनिता गुहा देवीच्या रूपात दिसताच तिने हात जोडले. मागे माझे कॉलेजातले मित्र खिदळले. मी मुकाट्याने उठलो आणि त्यांच्यात जाऊन बसलो.

परतताना आई काहीच बोलली नाही. पदराच्या गाठीतले गूळ-चणे तेवढे माझ्या हातावर ठेवले.

आता ती नाही. ‘शोले’चे संवाद अजून पाठ आहेत, पण डोळे मिटले की दिसते माझी रिकामी खुर्ची आणि शेजारी हात जोडून बसलेली आई. म्हणून त्या सालाची यादी मी हल्ली तिच्या सिनेमापासून सुरू करतो.